पाहुण्यांसाठी रंगवलेली भिंत

या, जरा जवळ सरकून बसा. मागे बसलेल्यांनीही पुढे यावं, कारण आजची गोष्ट मोठ्या आवाजात सांगायची नाही. निरूपण फार करणार नाही. देवाच्या कृपेने आख्यानच असं हाती आलंय की त्याला वरून काही लावावं लागत नाही. एका भिंतीची गोष्ट आहे. त्या भिंतीने एका घरातल्या माणसांच्या जागा बदलल्या, आणि बदलल्या त्या कायमच्या.

रंगाऱ्यांचं एक घराणं आहे. म्हाताऱ्या रंगाऱ्याला तीन मुलं. थोरला शिकला, सरकारच्या गृहनिर्माण खात्यात लागला, आणि रंगाचा डबा न उचलणारा त्या घरातला पहिला पुरुष ठरला. मधली मुलगी शिवणकाम करते. नवरा परगावी कामाला, त्यामुळे सरकारी वसाहतीतलं तिचं भाड्याचं घर तिच्या मशिनवरच चालतं. धाकटा बापाच्या हाताखाली रंगकाम करतो. घरात कुठे भांडणाची फट दिसली की हा बुजवायला धावतो, म्हणून त्याचं नावच पुट्टी पडलंय.

त्या वर्षी संसदेने एक समिती नेमली होती. सरकारने बांधलेली घरं, त्यांची वर्षावर्षाला वाढणारी भाडी आणि त्या घरांच्या भिंतींतून झिरपणारं पाणी, असा चौकशीचा विषय. खात्याने लेखी उत्तर दिलं की घरांतली ओल ही रहिवाशांच्या वापराच्या पद्धतीमुळे आहे. म्हणजे लोक घरात कपडे वाळवतात, भात शिजवतात, खिडक्या लावून झोपतात. ते वाक्य थोरल्याच्या टेबलावरून गेलं होतं. मजकूर वरून आला, मी फक्त भाषा सुधारली, असं तो म्हणायचा, आणि ते खरं होतं. समितीच्या अध्यक्षबाईंनी ते उत्तर बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, एक घर डोळ्यांनी बघू. तक्रार केलेल्या घरांतून चिठ्ठी टाकली. निघाली ती मधलीची.

सोमवारी सकाळी समिती येणार होती. आपण जाऊ या आदल्या दिवशी, रविवारी. रविवारी सगळं घर मधलीकडे जेवायला जमायचं.

मधली गणवेशांचं गाठोडं घेऊन जिना चढत होती. द्यायला नेलेलं गाठोडं तसंच परत आणत होती. वसतिगृहाच्या बाईंनी वरचा शर्ट नाकाशी धरला, घडी पुन्हा नीट घातली, आणि अगदी मायेने म्हणाल्या, "शिलाईला नाव ठेवायला जागा नाही हो तुमच्या. पण मुलांच्या आया कुरकुरतात. कपड्यांना वास येतो. पुढच्या वर्षीचं काम दुसरीकडे द्यायला सांगितलंय वरून."

कपड्यांना वास भिंतीचा होता. शिवणाच्या खोलीची बाहेरची भिंत छतापासून गुडघ्यापर्यंत काळी पडलेली, हात लावला तर ओला यायचा. मधलीने दुसरं घर मागितलं होतं. खात्याचं म्हणणं, तुमच्या घरात दोष असल्याची नोंद नाही, नोंद नसेल तर बदली नाही, दुरुस्तीही नाही. भाडं मात्र वाढवून आलं, देखभालीच्या नावाने. आता ही समितीच काय ती उरली होती. समितीने भिंत पाहिली, दोष लिहिला, तर तिचं मशीन चालू राहणार होतं. नाहीतर नाही. एवढं सरळ होतं.

जिन्यातच तिला रंगाचा वास आला. लहानपणापासून ओळखीचा, बाबांच्या सदऱ्याचा वास. एरवी बरं वाटलं असतं.

दार उघडंच होतं. आई स्टुलावर चढून पडदा लावत होती. पुट्टी फरशीवरचे थेंब पुसत होता. आणि शिवणाच्या खोलीत बाबा हात मागे बांधून, मान थोडी तिरकी करून उभे होते. काम संपल्यावर रंगारी उभा राहतो तसे.

त्यांच्यासमोरची भिंत पांढरीशुभ्र होती.

"आलीस? बघ तरी," आई वरूनच म्हणाली. "खोली ओळखू येतेय का?"

मधलीने गाठोडं खाली ठेवलं नाही. "हे काय केलंत?"

"काय केलंत म्हणजे? उद्या एवढी मोठी माणसं घरात येणार. ती काळी भिंत बघून काय म्हणाली असती? हिचा बाप रंगारी आहे की नुसता नावाचा?"

"आई, ती काळी भिंतच बघायला येतायत ते!"

आईचा हात पडद्याच्या कडीवर तसाच राहिला.

"मी सकाळी म्हणालो होतो," पुट्टी खालूनच पुटपुटला.

"काय म्हणालास?"

"की ताईला विचारू."

"मग?"

"मग बाबा म्हणाले, रंगाचा पहिला हात सुकेपर्यंत विचार. तू फोन उचलला नाहीस. तोवर सुकला."

मधली बाबांकडे वळली. बाबांनी घसा साफ केला आणि कोणा मालकाला सांगावं तसं सांगितलं, "बुरशी खरवडून काढली. धुतली. डाग धरणारा एक हात दिला, वर दोन हात पांढरा. महिनाभर काही दिसायचं नाही."

"आणि महिन्यानंतर?"

"येणार की परत. पाणी आतून आहे. रंगाने पाणी थांबतं होय?"

"हे माहीत होतं, तर रंगवली कशाला बाबा?"

म्हाताऱ्याला प्रश्न कळला नाही. खरोखर कळला नाही. "पाहुणे येणार म्हणाली ना ही," ते म्हणाले.

आता यात कोणाला मूर्ख ठरवू नका. त्या घराची रीतच ती होती. कोणी येणार म्हटलं की दुसऱ्या घरांत आधी चूल पेटते, या घरात आधी रंगाचा डबा फुटायचा. थोरल्याला पहिल्यांदा बघायला नातेवाईक येणार होते, तेव्हा बाळंतिणीची खाट बाहेरच्या खोलीत काढून आतली खोली रंगवली होती. पुट्टीच्या तापात डॉक्टर घरी येणार म्हणून दरवाजाला रंगाचा हात मारला, आणि डॉक्टरांच्या कोटाला तो रंग लागला. पाहुण्याला पाणी थोडं उशिरा मिळालं तर चालेल, भिंत मळकी दिसता कामा नये. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी लोकांच्या भिंती झाकल्या, त्यांना उघडी भिंत दाखवायची असते हे सुचणार कसं?

थोरला आणि वहिनी जेवायच्या वेळेला आले. वहिनी औषधांच्या दुकानात काम करायची, बोलायला तिखट, पण सासरच्या भांडणात आजवर कधी पडली नव्हती. थोरला दारातून सरळ स्वयंपाकघरात गेला आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसला. त्या घरातली त्याची ती जागा ठरलेली. मधली दर वेळी म्हणायची, "दादा, एकदा शिवणाच्या खोलीत येऊन बघ ना रे." तो म्हणायचा, "आधी चहा तर दे." चहा होईपर्यंत त्याला उशीर झालेला असायचा.

"दादा," आज मधली म्हणाली, "आज तरी चल. आज बघण्यासारखी आहे."

तिच्या आवाजात काहीतरी होतं, म्हणून तो उठला. खोलीच्या दारात उभा राहिला. पांढरी भिंत पाहिली. आणि खरं सांगायचं तर त्याच्या मनावरचं ओझं एकदम उतरलं. इतकं, की ते चेहऱ्यावर दिसलं.

"बाबांचा हात," तो म्हणाला. "वा."

"वा काय? तूच सांगितलंस ना त्यांना?"

"मी? मी आईला फक्त समिती किती वाजता येणार ते सांगितलं!"

"शपथ?"

"अगं, शपथ कसली? माझ्या डोक्यात तरी आलं असतं का हे?"

"आलं नसतं," वहिनी मागून म्हणाली. "सुचलं असतं तर एवढ्यात दोन बढत्या झाल्या असत्या."

पुट्टी हसला, आणि आईने बघितल्यावर खोकला.

"मला कोणी सांगायला कशाला पाहिजे?" बाबा म्हणाले. "मला डोळे नाहीत?"

जेवायला बसले. आईने थोरल्याच्या ताटात आधी वाढलं.  मग पुट्टीने घास हातात धरूनच तोडगा काढला, "यात एवढं काय? जेवण झालं की खरवडतो. तासाभराचं काम. उद्यापर्यंत खालचं काळं दिसायला लागेल."

बाबांचा हात ताटातच थांबला. त्यांनी दिलेला रंग आजवर कोणी खरवडला नव्हता, आणि हे बोलत होता त्यांचा मुलगा.

"खरवडू नका," थोरला म्हणाला. "मी तुमच्या भल्याचं सांगतो. खरवडलेली भिंत दिसली की आमचे संचालक म्हणतील, गिलावा रहिवाशांनीच खराब केला. आणि मला विचारलं तर मला हो म्हणावं लागेल. ते खोटं नसेल."

"मग खरं काय आहे ते पण सांगशील का?" मधलीने विचारलं.

"विचारलं तेवढं सांगेन. मी काही साक्ष द्यायला येत नाहीये, खात्याबरोबर येतोय. ही माझी बहीण आहे, मला नेऊ नका, असं मी संचालकांना सांगितलं. ते म्हणाले, उलट बरंच, घरचा माणूस असला की तक्रारदार बाई जपून बोलतील."

"आणि तुम्ही ते ऐकून घेतलंत," वहिनी म्हणाली.

"नोकरी आहे माझी!"

"आहेच. पण उद्या कोणाच्या शेजारी उभे राहणार ते आत्ता सांगून टाका. म्हणजे आईंना कळेल, पुढची पोळी कोणाच्या ताटात टाकायची."

"पुरे," आई म्हणाली. "जेवताना माझ्या मुलाची उलटतपासणी नको. त्याने कधी कोणाचं वाईट केलंय? वसाहतीत दवाखाना कोणी आणला? पाण्याची वेळ कोणी वाढवून घेतली? खोटं बोलायची सवय नाही त्याला."

"नाहीच," मधली म्हणाली. "खोटं बोलायची वेळच येऊ देत नाही तो."

थोरल्याने मान खाली घातली आणि जेवत राहिला. त्याला राग आला नाही. बहीण काय म्हणते ते त्याला नीट कळलं होतं. खात्यात लागल्यावर जुन्या साहेबांनी त्याला पहिली गोष्ट शिकवली होती ती हीच. जे डोळ्यांनी पाहिलं ते नोंदवावं लागतं. नोंदवलं की दुरुस्ती आली, दुरुस्ती आली की निधी मागावा लागतो, आणि निधी नसतो. म्हणून शहाण्या माणसाने कागद पाहावेत, भिंती पाहू नयेत. साहेब वाईट नव्हते. थोरलाही वाईट नव्हता. त्याने एकही खोटी नोंद केली नव्हती. आणि आज तर देवानेच वाट मोकळी केली होती. आता ती भिंत त्याला कधीच काळी दिसणार नव्हती. मी पाहिली नाही, हे तो उद्या कोणाच्याही डोळ्याला डोळा भिडवून म्हणू शकत होता.

"भिंतीला कोणी हात लावायचा नाही," मधली उठत म्हणाली. "बाबांचं काम मी खरवडू देणार नाही. दादासाठी नाही, बाबांसाठी. उद्या मीच सांगेन काय झालं ते. विश्वास बसला तर बसला."

बाबा हात धुऊन पुन्हा त्या खोलीत गेले. दुपारचं ऊन भिंतीवर आलं होतं. कुठे ब्रशची रेघ नाही, कुठे लहर नाही, कोपरे सुरीने कापल्यासारखे. ते बराच वेळ एखादी खोट शोधत राहिले. काम थोडं वाईट झालं असतं तर बरं होतं, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

"पुट्ट्या," ते म्हणाले, "तू मला अडवायचं नाहीस?"

"बाबा, तुमच्या हातात ब्रश असताना तुम्हाला देव तरी अडवतो का?"

"तो नाही अडवत," बाबा म्हणाले. "पण त्याला माझ्याकडून मजुरी मिळत नाही. तुला मिळते."

थोरला आणि वहिनी गेल्यावर आई गाठोडं उचलून कपाटात ठेवायला लागली. "हे द्यायला गेली होतीस ना?"

"त्यांनी परत केलं."

"का? काही उसवलं?"

मधलीने वरचा शर्ट काढून आईच्या हातात दिला. आईने उलटसुलट पाहिला, टाके पाहिले, काजं पाहिली. मग काय वाटलं कोण जाणे, नाकाजवळ नेला.

"धुऊन दिले तर?"

"धुतलेलेच आहेत. या खोलीत एक रात्र राहिले की झालं. पुढच्या वर्षीचं काम गेलं आई. वसतिगृहाचं होतं, तेच मोठं काम."

आई खाटेवर बसली. शर्ट मांडीवर. "त्याला माहीत आहे हे?"

"दादाला? त्याने विचारलं नाही."

"आणि भिंत?"

"बघितली नाही."

"कधीच नाही? एवढी वर्षं येतोय तो."

"स्वयंपाकघरापर्यंत येतो. तू त्याला खिडकीजवळ बसवतेस, वाढतेस, वारा घालतेस. त्याने उठायचं कधी?"

 आईने शर्टाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. थोरला तिचा अभिमान होता. शेजारणींना ती त्याची सरकारी गाडी कुठे उभी राहते ते दाखवायची. पुढे जे काही झालं त्याची सुरुवात इथे झाली असावी. पण ती त्याबद्दल कधी बोलली नाही, म्हणून आपणही नक्की म्हणू नये.

सोमवारी सकाळी समिती आली. अध्यक्षबाई वयस्क, गुडघे दुखणाऱ्या, प्रत्येक मजल्यावर थांबून कठड्याची पकड तपासणाऱ्या. सरकारी पक्षाचे एक सदस्य, हातात फोन. विरोधी पक्षाचे एक सदस्य, जिना चढतानाच भाषण तयार करत आलेले. एक लघुलेखक, बोललेलं सगळं उतरवून घेणारा. संचालक, आणि त्यांच्या मागे फाइल घेऊन थोरला.

आईने पाणी पुढे केलं. संचालकांनी घर पाहिलं, नवा पडदा पाहिला, आणि त्यांचा चेहरा खुलला.

सगळे शिवणाच्या खोलीत गेले. खोली भरली. बाबा मशिनच्या मागे, कोपऱ्यात.

अध्यक्षबाईंनी चष्मा लावला. "तक्रारीत काळी भिंत लिहिलंय. कुठली?"

"हीच," मधली म्हणाली.

"ही तर छान आहे."

"काल सकाळपर्यंत काळी होती. माझ्या घरच्यांनी रंगवली. आम्ही रंगारी लोक. पाहुणे येणार म्हटल्यावर त्यांना राहवलं नाही."

सरकारी पक्षाच्या सदस्यांनी फोनमधून डोकं वर काढलं. "म्हणजे पुरावा तुम्हीच रंगवलात?"

"हो."

"मग आम्ही बघायचं काय?"

"या सरकारच्या काळात गरिबाला आपलं दुःखसुद्धा रंगवून ठेवावं लागतं!" विरोधी सदस्य सुरू झाले. "मी अध्यक्षांच्या निदर्शनास आणून देतो की..."

"ते सभागृहात आणून द्या," अध्यक्षबाई म्हणाल्या. "इथे जागा कमी आहे." त्या मधलीकडे वळल्या. "बाई, माझा तुमच्यावर अविश्वास नाही. माझ्या आईनेही हेच केलं असतं. पण आम्ही जे पाहतो आणि जे साक्षीत येतं तेवढंच लिहू शकतो. तुम्ही तक्रारदार. तुमच्याशिवाय कोणी पाहिलंय?"

"शेजारी."

"शेजाऱ्यांची घरं आजच्या पाहणीत नाहीत," संचालक हळूच म्हणाले. "आणि समितीला आठवण करून द्यायची तर खात्याचं लेखी उत्तर हेच आहे, की अशी ओल वापरामुळे येते. थोडी स्वच्छता केली, घर कसं छान दिसतं, ते आपण पाहतोच आहोत."

 बापाने दिलेला रंगाचा प्रत्येक हात आता मधलीविरुद्ध बोलत होता. कोपऱ्यात बाबा फरशीकडे बघत होते.

"खात्याचे स्थानिक अधिकारी कोण?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

थोरला पुढे आला. त्याने स्वतःहून सांगितलं, की तक्रारदार त्याची बहीण आहे. लघुलेखकाने ते लिहिलं.

"मग तुमचं येणंजाणं असणार. या भिंतीवर ओल किंवा बुरशी तुम्ही पाहिली आहे?"

"नाही."

"कधीच?"

"नाही. पाहिलेली नाही."

तो स्वच्छ बोलला. त्यात काही खोटं नव्हतं. संचालकांनी मान डोलावली. अध्यक्षबाईंनी चष्मा काढला आणि त्या दाराकडे वळल्या. सरकारी पक्षाचे सदस्य बाहेर पडायला लागलेसुद्धा.

"का पाहिली नाहीस, ते सांग त्यांना."

आई दारात उभी होती. हातात पाण्याचा रिकामा तांब्या.

"आई," थोरला म्हणाला.

"मला नको सांगू. त्यांना सांग. माझा मुलगा म्हणून नको, साहेब म्हणून सांग. या घरात इतकी वर्षं येतोस. ही खोली तुझ्या खुर्चीपासून चार पावलांवर. बहीण दर वेळी बोलावते. का नाही पाहिलीस?"

"बाई, तुम्ही साक्षीदार नाही," संचालक म्हणाले. "हे असं..."

"थांबा," अध्यक्षबाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "प्रश्न मी विचारते. का पाहिली नाहीत?"

थोरल्याने फाइल छातीशी धरली होती. उत्तरं पुष्कळ होती. वेळ झाला नाही. माझं काम कार्यालयातलं. भावाबहिणीचं नातं आहे म्हणून मुद्दाम लांब राहिलो. यातलं कुठलंही चाललं असतं. शेवटचं तर शोभलंही असतं. तो आईकडे बघत होता. आई त्याच्याकडे बघत नव्हती, तांब्याकडे बघत होती. लहानपणी त्याने काही केलं की ती अशीच दुसरीकडे बघत उभी राहायची, आणि तो बोलेपर्यंत हलायची नाही.

"पाहिली असती तर लिहावं लागलं असतं," तो म्हणाला.

अध्यक्षबाई एक पाऊल पुढे आल्या.

"कशात लिहावं लागलं असतं?"

"नोंदीत. मग दुरुस्ती द्यावी लागली असती. मग बाकीच्या घरांनाही. म्हणून आम्ही घरात जात नाही. मी एकटा नाही, कोणीच जात नाही. वापराच्या पद्धतीमुळे ओल येते, असं आम्ही उत्तर दिलं, ते एकाही घरात न जाता दिलं. ते वाक्य माझ्या टेबलावरून गेलं."

"तुम्हाला काय बोलताय ते कळतंय ना?" संचालक म्हणाले.

"कळतंय, सर."

विरोधी सदस्यांनीसुद्धा भाषण केलं नाही. अध्यक्षबाईंनी लघुलेखकाकडे पाहिलं. "घेतलंत?" त्याने मान हलवली.

समिती उतरली. थोरल्यालाही उतरावं लागलं. आला होता संचालकांच्या गाडीतून, जायचंही त्याच गाडीतून होतं. दारात तो आईजवळून गेला. आईने त्याच्या खांद्यावरची रंगाची पापडी नखाने काढली. तो भिंतीला टेकला असावा. 

पुढचं थोडक्यात सांगण्यासारखं आहे. समितीचा अहवाल आला. वापराच्या पद्धतीचं वाक्य खात्याला मागे घ्यावं लागलं, आणि वसाहतीतलं प्रत्येक घर आत जाऊन पाहण्याचा आदेश निघाला. मधलीला समोरच्या इमारतीत कोरडं घर मिळालं. वसतिगृहाचं काम परत आलं नाही, दुसरं मिळालं. भाडं मात्र कमी झालं नाही. समितीने शिफारस केली, सरकारने विचाराधीन ठेवली. थोरल्याची बदली लांबच्या गोदामावर झाली. वहिनी बरोबर गेली, आणि जाताना सासूच्या पाया पडली, हे त्या घरात नवीन होतं. मुलगा वर्षभर घरी आला नाही. आई रोज खिडकीजवळची ती खुर्ची पुसायची का, असं मला कोणी विचारलं तर मी सांगेन, नाही. खुर्ची मधलीच्या सामानाबरोबर नव्या घरी गेली आणि तिच्यावर कपड्यांचा ढीग असतो. आई फक्त शेजारणींशी गाडीबद्दल बोलेनाशी झाली.

अहवालाच्या मागे त्या सकाळची साक्ष छापली आहे. मिळाली तर वाचा. भाऊ आहे त्यात, बहीण आहे, संचालक आहेत, सदस्यांचं अर्धवट भाषणही आहे. थोरला "नाही, पाहिलेली नाही" म्हणतो, त्याच्यापुढे, आई बोलली त्या जागी, कंसात दोनच शब्द आहेत: इतर आवाज. नियमच तसा. साक्षीदार नसलेल्या माणसाचं बोलणं उतरवत नाहीत.

तर एवढंच मागणं आहे तुमच्याकडे. देवाचं नाव घ्यायला बसाल, आपल्या माणसांना आठवाल, तेव्हा त्या कंसातल्या बाईलाही आठवा. तिला एकच मुलगा असा होता ज्याच्याकडे बोट दाखवून ती जगाला सांगायची, आणि त्या दिवशी तिने त्याच्याकडेच बोट दाखवलं.